बंदी मॉस्कोवर, पदक मामल्लपुरमला

टिळकवाडीकर | शनिवार, रात्री ९.५०

गुकेश जगज्जेता झाला तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण त्याच्यासमोर चीनचा डिंग लिरेन कसा काय बसला होता, हे शोधत मी मागे मागे गेलो आणि पोचलो थेट युक्रेनच्या युद्धापाशी.

सर्गेई कार्याकिन हा गडी क्रिमियातल्या सिम्फेरोपोलचा. आधी युक्रेनकडून खेळायचा, २००९ पासून रशियाकडून. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं आणि याने उघडपणे पुतिनची बाजू घेतली. मार्चमध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, त्याला सहा महिने बाहेर बसवलं. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेतली त्याची जागा मोकळी झाली ती रेटिंगच्या जोरावर डिंगला मिळाली. माद्रिदला डिंग दुसरा आला. पहिला नेपोम्नियाची, म्हणजे रशियनच, फक्त झेंडा फिडेचा. मग तेव्हाच्या जगज्जेत्या कार्लसनने किताब राखायला खेळणार नाही म्हणून सांगितलं, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्यातच लढत झाली. एप्रिल २०२३ मध्ये अस्तानात डिंग जिंकला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापुरात गुकेशने त्याला हरवलं.

त्याच बंदीची दुसरी शाखा बघा. २०२२ चं बुद्धिबळ ऑलिंपियाड मॉस्कोत व्हायचं होतं. ते काढून घेतलं, तमिळनाडू सरकारने मागून घेतलं आणि काही महिन्यांत मामल्लपुरमला भरवून दाखवलं. यजमान म्हणून आपल्याला जादा संघ उतरवता आले. त्या दुसऱ्या संघात पहिल्या पटावर सोळा वर्षांचा गुकेश होता. पहिले आठच्या आठ डाव त्याने मारले. संघाला कांस्य, त्याला वैयक्तिक सुवर्ण. स्पर्धा मॉस्कोत झाली असती तर भारताचा एकच संघ गेला असता.

आता यातला सगळ्यात चविष्ट भाग. फिडेचा अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच हा रशियाचा माजी उपपंतप्रधान. त्याच ऑलिंपियाडच्या वेळी चेन्नईत तो दणदणीत मतांनी पुन्हा निवडून आला, आपला विश्वनाथन आनंद त्याचा उपाध्यक्ष. म्हणजे रशियाच्या पोरांचा झेंडा गेला आणि उपपंतप्रधानाची खुर्ची राहिली!

नेम कुणावर धरला होता ते बंदीच्या पत्रकात असतं, कुणाला लागलं ते पुढे कधीतरी कळतं. खेळातली, आणि खेळाच्या आडून चालणाऱ्या मुत्सद्देगिरीतली अशी आणखी उदाहरणं टाका. सीमाप्रश्न कृपया आणू नका, त्यासाठी इथे आधीच धागे आहेत आणि ते सगळे भांडून बंद पडलेत.

प्यादं | शनिवार, रात्री १०.१५

टिळकवाडीकर, साखळी बरोबर, पण एक कडी राहिली. डिंगचं रेटिंग होतं, डाव नव्हते. रेटिंगवरच्या त्या जागेसाठी तेव्हा वर्षभरात किमान ३० अधिकृत डाव लागत होते, करोनामुळे चीनबाहेर पडता न आल्याने त्याचे चारच झाले होते. कार्याकिनवर बंदी आल्याबरोबर चिनी महासंघाने घाईघाईने त्याच्यासाठी सामने लावले आणि महिन्याभरात दोन डझनांवर डाव उरकले. माद्रिदलाही शेवटच्या फेरीत त्याने नाकामुराला हरवलं म्हणून दुसरा आला. नाहीतर आज वेगळंच नाव घेतलं असतं.

आणि हो, श्रेय बंदीला देऊन टाकू नका. चेन्नईत पोरगं सहा वर्षांचं झालं की क्लासला जातं. ती तयारी नसती तर ऑलिंपियाड चेन्नईत होऊनही आपण मांडव घालून पाहुण्यांना जेवायला वाढलं असतं, बस्स.

कॅम्पातले काका | शनिवार, रात्री १०.४०

तुमचा सूर असा लागतोय की बंदी म्हणजे आंधळ्याने फिरवलेली काठी. मला हे मान्य नाही. आमच्या पिढीने दक्षिण आफ्रिका बघितली आहे.

वर्णद्वेषी सरकारशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत, साल १९४६. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला त्यांना येऊ दिलं नाही, १९७० मध्ये ऑलिंपिक चळवळीतूनच काढलं, त्याच सुमारास क्रिकेटचीही दारं बंद झाली. तिथल्या गोऱ्यांना तेल मिळालं नाही तर ते दुसरीकडून आणत होते, पण रग्बी आणि क्रिकेटमध्ये आपल्याशी कुणी खेळत नाही हे दर रविवारी त्यांना टोचत होतं. बंदी लागू पडते ती अशी.

त्याची किंमत आपणही मोजली. १९७४ मध्ये अमृतराज बंधूंचा संघ पुण्यात सोव्हिएत रशियाला हरवून टेनिसच्या डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत गेला. समोर दक्षिण आफ्रिका. सरकारने खेळायचं नाही म्हणून सांगितलं. चषक त्यांना न खेळता मिळाला. आपल्याला तो आजपर्यंत मिळालेला नाही. तरी मी म्हणतो, योग्य केलं.

खानापूरकरीण | शनिवार, रात्री ११.३०

काका, तुमचं म्हणणं खोडत नाही. पण हिशेबाचं दुसरं पानही उघडू या.

बॅरी रिचर्ड्स चार कसोटी खेळला, ५०८ धावा, सरासरी ७२. संपलं. प्रॉक्टरला सात कसोट्या मिळाल्या. हे झालं गोऱ्यांचं. त्यातले ज्यांना पासपोर्टची सोय झाली ते सुटले. लँब आणि रॉबिन स्मिथ इंग्लंडकडून खेळले, वेसल्स ऑस्ट्रेलियाकडून. अनवाणी पळणाऱ्या झोला बडला १९८४ च्या ऑलिंपिकआधी ब्रिटनने हां हां म्हणता नागरिकत्व दिलं. म्हणजे तुमच्या बंदीने दक्षिण आफ्रिकेचे चांगले खेळाडू श्रीमंत देशांना फुकटात मिळवून दिले.

काळ्या आणि मिश्रवर्णीय खेळाडूंना कुठला पासपोर्ट मिळणार? ओमर हेन्रीने पहिली कसोटी खेळली तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. नोव्हेंबर १९९२, डर्बन, समोर आपलाच संघ. त्याच कसोटीत आपल्या प्रवीण अमरेने पदार्पणात शतक ठोकलं. त्याच्या वर्षभर आधी ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिका परतली तेव्हाही अमरेचंच एकदिवसीय पदार्पण होतं, ५५ धावा. अमरे कसोटी पदार्पणाच्या वेळी चोवीस वर्षांचा होता, त्याच्यापुढे अख्खी कारकीर्द होती. हेन्रीची पदार्पणातच संपत आली होती.

मला सगळ्यात जास्त खुपतात ते बंडखोर दौरे. पैसे घेऊन चोरून दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेलेल्यांना शिक्षा झाली, पण कशी? १९८२ मध्ये गेलेल्या इंग्लंडच्या गूचला आणि मंडळींना तीन वर्षं. गूच परत आला, कर्णधार झाला आणि १९९० मध्ये लॉर्ड्सवर आपल्याचविरुद्ध ३३३ काढल्या. त्याच वर्षी गेलेल्या श्रीलंकेच्या खेळाडूंना पंचवीस वर्षं. १९८३ मध्ये गेलेल्या वेस्ट इंडियन्सना जन्मभर. पुढे त्या शिक्षा उठवल्या, पण तोवर वय निघून गेलं होतं. जमैकाचा रिचर्ड ऑस्टिन नंतर किंग्स्टनच्या रस्त्यांवर भीक मागत हिंडायचा. गुन्हा एक, शिक्षा मात्र ज्याच्या त्याच्या देशाच्या आणि कातडीच्या हिशेबाने.

टिळकवाडीकर | शनिवार, रात्री ११.४५

ताई, गूचचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ३३३ मी रेडिओवर ऐकलेत.

लाल माती | रविवार, सकाळी ६.२०

तुम्ही सगळी क्रिकेट आणि बुद्धिबळावरच बोलूलालासा. कुस्तीचं कोण बोलणार?

२०२३ ला काय झालं बघा. दिल्लीत पैलवान पोरी रस्त्यावर बसल्या, महासंघाची निवडणूक वेळेत झाली न्हाई, म्हणून जागतिक कुस्ती संघटनेनं ऑगस्टमध्ये भारताला निलंबित केलं. शिक्षा महासंघाला म्हणं. आणि बेलग्रेडला जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालनं कांस्य मारलं, पॅरिसची जागा मिळवली, तर तिच्या नावापुढं तिरंगा न्हाई. ज्यांच्यामुळं बंदी आली ती मंडळी घरात एसीत.

ती निदान बेलग्रेडला तरी गेली. वयोगटातल्या पोरांचं बघा. राष्ट्रीय स्पर्धा लटकल्या. आमच्या तालमीत एक पोरगं हाय, बाप गवंडी. त्या वर्षी सतरा वर्षांखाली त्याचं शेवटचं वर्ष होतं. पहाटे चारला उठून जोर मारायचा, आणि वस्तादाला रोज इचारायचा, "तारीख आली का?" आली न्हाई. वय वाढलं, गट गेला. वजन पण वाढलं, कारण बापानं त्या आशेवर दूध-बदामाचा खुराक बंद केला नव्हता. आता वरच्या गटात दणकट पोरांच्या खाली जातोय. त्यानं कुठल्या महासंघाला मत दिलं होतं?

कॅम्पातले काका | रविवार, सकाळी ८.०५

पैलवान, त्या पोराचं ऐकून वाईट वाटलं. पण बंदी नसती तर निवडणूक तरी झाली असती का?

लाल माती | रविवार, सकाळी ८.२०

झाली की डिसेंबरात. आणि झाल्या झाल्या आपल्याच क्रीडा मंत्रालयानं नव्या मंडळाला निलंबित केलं. मग फेब्रुवारीत तिकडनं जागतिक संघटनेनं बंदी उठवली आणि हिकडं मंत्रालयाची २०२५ च्या मार्चपर्यंत चालूच ऱ्हायली. आता सांगा, पोरानं कुणाकडं बघायचं?

उद्यमबाग | रविवार, सकाळी ११.१०

मी खेळातला नाही, लोखंडातला. पण निर्बंध कागदावर कसे चालतात ते रोज बघतो म्हणून लिहितो.

२०२३ च्या सप्टेंबरअखेरपासून युरोपात लोखंड-पोलादाचा माल पाठवायचा तर त्यात रशियन पोलाद नाही याचा पुरावा मागतात. म्हणजे आमच्यासारख्या छोट्या शॉपने वितळवणाऱ्याकडून दाखला आणायचा, त्याने त्याच्या पुरवठादाराकडून. आमच्या ऑफिसात एक फाइल नुसती या दाखल्यांची आहे. त्यातल्या एका दाखल्यावर हीट नंबरचा, म्हणजे पोलादाच्या घाण्याच्या क्रमांकाचा, एक आकडा पुसट उमटला होता, तेवढ्यासाठी तिकडच्या गिऱ्हाइकाने बिल अडवलं. आम्ही रशियाचं खिळाभर लोखंड वापरलेलं नाही. पण कायदा जेवढा सांगतो त्याच्या दुप्पट बँका आणि कंपन्या घाबरतात. भानगड नको म्हणून सरळ नाही म्हणतात.

हे खेळात कसं दिसतं? २०१८ चा फुटबॉल विश्वचषक. स्पर्धा अगदी तोंडावर असताना नाइकीने जाहीर केलं की अमेरिकन निर्बंधांमुळे आम्ही इराणच्या खेळाडूंना बूट देऊ शकत नाही. अणुकरार कुणी मोडला, कुणाचं काय, आणि बूट कुणाचे गेले! फुटबॉलपटू बूट महिनोन्महिने पायात मुरवतो. प्रशिक्षक कार्लोस केरोश चिडला. कुणी दुकानातून विकत घेतले, कुणी दुसऱ्या संघातल्या दोस्ताकडून मागितले. तरी त्या संघाने मोरोक्कोला हरवलं आणि पोर्तुगालला बरोबरीत रोखलं, ही गोष्ट वेगळी.

त्याच वर्षीच्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये सॅमसंग सगळ्या खेळाडूंना फोन वाटत होती. उत्तर कोरिया आणि इराणच्या खेळाडूंना मिळणार नाहीत असं ठरलं, कारण निर्बंध. इराणचे खेळाडू किती? चार! तेहरानने दक्षिण कोरियाच्या राजदूताला बोलावून झापलं आणि मग फोन निघाले. उत्तर कोरियाच्या खेळाडूंना मात्र जाताना परत करायच्या अटीवर. चार फोनसाठी परराष्ट्र खातं कामाला लागलं, याला मुत्सद्देगिरी म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

रात्रपाळी | रविवार, दुपारी ३.३०

युगोस्लाव्हिया कसा काय कुणाला आठवला नाही?

३० मे १९९२ रोजी सुरक्षा परिषदेने युगोस्लाव्हियावर निर्बंध घालणारा ठराव ७५७ केला. त्यात व्यापार, विमानं यांच्याबरोबर खेळाचंही कलम होतं, हे विशेष. फुटबॉलची युरो स्पर्धा दहा-अकरा दिवसांवर. युगोस्लाव्हिया बाहेर आणि पात्रता गटात त्यांच्यामागे दुसरा आलेला डेन्मार्क आत. मायकेल लाउड्रुप प्रशिक्षकाशी भांडून आधीच घरी बसलेला. तरी उपांत्य फेरीत श्मायकेलने फान बास्टेनची पेनल्टी अडवली आणि अंतिम सामन्यात जर्मनीला २-० ने लोळवून चषक कोपनहेगनला गेला. डेन्मार्कच्या फुटबॉलमधला तो सगळ्यात मोठा दिवस, आणि त्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या एका ठरावात.

बार्सिलोना ऑलिंपिकला तिथल्या खेळाडूंना स्वतंत्र म्हणून उतरवलं. वैयक्तिक खेळ चालतील, सांघिक नाही. म्हणजे नेमबाजीत तीन पदकं आली आणि बास्केटबॉलवाले घरी. बंदुकीला परवानगी, चेंडूला नाही!

अमेरिकेचा माजी बुद्धिबळ जगज्जेता बॉबी फिशर, त्याची गोष्ट तर कादंबरीच आहे. वीस वर्षं गायब असलेला माणूस १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात स्पास्कीशी पुन्हा खेळायला उगवला, बक्षीस ५० लाख डॉलर. अमेरिकेच्या अर्थखात्याने लेखी कळवलं की खेळलास तर निर्बंध मोडल्याचा गुन्हा होईल. पत्रकार परिषदेत तो त्या कागदावर थुंकला. मग अटक वॉरंट निघालं आणि फिशर परत अमेरिकेत गेलाच नाही. २००४ मध्ये जपानच्या नारिता विमानतळावर पकडला गेला, कित्येक महिने कोठडीत, शेवटी आइसलंडने नागरिकत्व दिलं आणि २००८ मध्ये तिथेच वारला. त्याच पटावर समोर बसलेला स्पास्की फ्रान्सचा नागरिक. त्याला काही झालं नाही.

आणि फायदा कुणाला? निर्बंध आले की तस्करी आली. अर्कान नावाचा टोळीवाला, युद्धातला कुप्रसिद्ध, त्या काळात गबर झाला. १९९६ मध्ये त्याने ओबिलिच नावाचा साधा फुटबॉल क्लब ताब्यात घेतला, आणि १९९८ मध्ये तो क्लब देशाचा विजेता! समोरच्या संघांना मैदानात कसल्या धमक्या मिळत असतील ते तुम्हीच समजा.

निपाणीचा वडापवाला | रविवार, संध्याकाळी ७.००

धाग्याच्या मालकांनी बंदी घातली हाय सीमाप्रश्नावर, म्हणजे आता त्याचे उलटे परिणाम दिसणारच 😄

राजकारण नाही बोलत, गाडीचं बोलतो. डिसेंबर २०२२. हिरेबागेवाडीच्या टोलवर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडं कर्नाटकाच्या गाड्यांना काळं फासलं. दोन्हीकडच्या एसट्या बंद. २०२५ च्या फेब्रुवारीत कंडक्टरच्या भांडणावरनं पुन्हा तेच. दोन्ही बाजूचे पुढारी टीव्हीवर, आणि कोगनोळीला माणसं रस्त्यावर. कोण होती? कोल्हापूरला डायलिसिसला जाणारा, गडहिंग्लजच्या कॉलेजची पोरं, माहेराहून परतणाऱ्या बायका.

बेळगावची एक फुटबॉल टीम होती, गडहिंग्लजला मॅच. शिनोळीपर्यंत रिक्षानं आली, तिथनं हद्द चालत ओलांडली. बुटाच्या पिशव्या गळ्यात, गोलकीपर पोराच्या हातात पाण्याचा जार. पलीकडनं माझ्या मेव्हण्याच्या जीपनं गेली. टीम टॉस झाल्यावर पोचली. पंच भला माणूस, थांबला.

आता खरं सांगतो, फायदा आमचाच झाला. एसटी बंद म्हणजे वडाप, आमच्या शेअर जीपा, जोरात. भाडं दुप्पट घेणारे होते, नाव घेत नाही. बंदी आली की कुणाचं तरी दुकान चालतंच. त्या अर्कानचं वाचून हसू आलं.

कॅम्पातले काका | रविवार, संध्याकाळी ७.४०

अहो, एसटी बंद ठेवली ती गाड्यांवर दगड पडू नयेत म्हणून. त्याची गाठ संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांशी कशाला मारता? तिथे ठराव असतो, मतदान असतं.

निपाणीचा वडापवाला | रविवार, संध्याकाळी ७.५०

काका, जारवाल्या पोराला ते मतदान दिसलं नाही.

प्यादं | रविवार, रात्री ९.००

एक वेगळी बाजू. आपण बंदी घालणारे असतो तेव्हाही नेम चुकतो.

पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या नेमबाजी विश्वचषकाला पाकिस्तानच्या नेमबाजांना आपण व्हिसा दिला नाही. राग समजण्यासारखा होता. पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २५ मीटर रॅपिड फायर प्रकारातल्या टोकियोच्या जागाच रद्द केल्या आणि भारताशी यजमानपदाबद्दलची सगळी बोलणी थांबवली. कुस्तीची ज्युनियर आशियाई स्पर्धाही आपल्या हातून गेली. जूनमध्ये सरकारने सर्वांना व्हिसा देऊ असं लेखी दिलं तेव्हा गाडी रुळावर आली. पाकिस्तानला दाखवायला गेलो आणि शेवटी लेखी हमी आपल्यालाच द्यावी लागली.

आणि ऑगस्ट २०२२ बघा. फिफाने आपल्या फुटबॉल महासंघाला निलंबित केलं, ऐन स्वातंत्र्यदिनी. कारण कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप. गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला उतरल्या आणि तिथे कळलं की खेळता येणार नाही. अकरा-बारा दिवसांत बंदी उठली, ऑक्टोबरचा १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक वाचला, पण गोकुलमची स्पर्धा तोवर संपली होती.

लाल माती | सोमवार, सकाळी ६.००

प्यादं, ह्याच्या उलटं पण सांगतो, म्हणजे काकांना बरं वाटंल.

इराण आणि अमेरिका एकमेकांचं तोंड बघत न्हाईत. पण १९९८ ला अमेरिकेचे पैलवान तेहरानला तख्ती चषकाला गेले. १९७९ च्या क्रांतीनंतर तिकडं गेलेला अमेरिकेचा पहिला खेळाचा संघ तोच. तेहरानच्या लोकांनी त्यांना टाळ्या दिल्या. २०१३ ला ऑलिंपिकमधनं कुस्ती काढायची ठरली तेव्हा अमेरिका, इराण, रशिया तिघं एक झाले. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात मॅट टाकून इराणचे आणि अमेरिकेचे पैलवान लढले. कुस्ती वाचली.

२०१७ ला ट्रम्पनं इराणच्या लोकांना प्रवेशबंदी केली. इराणनं उत्तर म्हणून अमेरिकेच्या पैलवानांचा व्हिसा नाकारला, केरमानशाहला विश्वचषक होता. दोन दिवसांत तिकडच्या कोर्टानं ट्रम्पचा हुकूम थांबवला आणि इराणनं लगेच व्हिसा दिला. गेले, खेळले, फायनलला इराणनं हरवलं, आणि लोक अमेरिकेच्या पैलवानांबरोबर फोटो काढाय रांगेत.

आपल्या मैदानात इराणचा पैलवान येतो तेव्हा त्याला कोण अणुबॉम्बचं इचारतंय? ढाक कसा लावतोय तेवढंच बघतात.

खानापूरकरीण | सोमवार, दुपारी १.१५

काका, मी रात्री तुमच्या दक्षिण आफ्रिकेवर पुन्हा विचार केला. ती बंदी मला इतरांपेक्षा वेगळी वाटते, आणि कारण असं की ती ज्यांचे हाल होत होते त्यांनीच मागितली होती. हसन होवांसारखे तिथले बिगरगोरे क्रिकेट संघटक स्वतःच्या खेळाडूंचं नुकसान होणार हे माहीत असून म्हणत होते की समाज असा असताना आमच्याशी नेहमीसारखं खेळू नका. ओमर हेन्रीची चाळिशी मी पुढे केली, पण तोच वाद तिथे त्या काळातही झाला आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. कार्याकिनच्या जागेचा किंवा इराणच्या बुटांचा निर्णय घेताना असं कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणून मला अफगाणिस्तान अवघड जातं. २०२० मध्ये तिथल्या मंडळाने २५ महिला क्रिकेटपटूंना करार दिले. तालिबान आल्यावर त्यातल्या बहुतेक ऑस्ट्रेलियात पोचल्या. ऑस्ट्रेलिया अफगाण पुरुष संघाशी द्विपक्षीय मालिका खेळत नाही, विश्वचषकात मात्र खेळते. त्या मुलींनी स्वतः काय मागितलं? २०२४ मध्ये त्यांनी आयसीसीला पत्र लिहिलं की आम्हाला निर्वासितांचा संघ म्हणून खेळू द्या. त्यात पुरुषांच्या संघाचं कौतुकही होतं. जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नच्या जंक्शन ओव्हलवर त्यांचा एक सामना झाला.

कॅम्पातले काका | सोमवार, संध्याकाळी ६.३०

ताई, मुद्दा चांगला मांडलात. पण पुरुषांचा संघ जगभर मिरवतो, उपांत्य फेरीत जातो, आणि मागे सरकार त्याच्या विजयाचे फटाके फोडतं. त्या खेळाडूंनी बहिणींसाठी काय केलं?

लाल माती | सोमवार, संध्याकाळी ६.५५

रशीद खान बोलला की. डिसेंबर २०२४ ला तालिबाननं पोरींचं नर्सिंगचं शिक्षण बंद केलं तेव्हा उघड लिवलं त्यानं, परत सुरू करा म्हणून. नबी पण बोलला. त्यांच्या संघावर बंदी असती तर त्यांचं कोण ऐकलं असतं?

कॅम्पातले काका | सोमवार, संध्याकाळी ७.०५

लिहिलं, बरोबर. पण वर्ग उघडले का?

लाल माती | सोमवार, संध्याकाळी ७.१०

न्हाई उघडले. पन त्याचं घर तिकडंच हाय, आणि तरी लिवलं.